उतू जाण्याआधीचे पाच सेकंद

त्या दिवशी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकूण त्रेपन्न वस्तू होत्या. त्यांतल्या घरातल्या तीन: मिठाची बरणी, एक चमचा आणि आईचा चष्मा. उरलेल्या पन्नास माझ्या. रेझिस्टर सव्वीस, ट्रान्झिस्टर नऊ, कपॅसिटर आठ, वायरची भेंडोळी तीन, बझर दोन, नऊ व्होल्टची बॅटरी एक, आणि एक असा भाग, जो काय आहे हे मला अजूनही कळलेलं नाही. प्रोग्रॅम करता येणारी चिप: शून्य. हे शून्य मी मुद्दाम मोजलं, कारण पुढचा सगळा घोळ त्या शून्याने घातला.

भौतिकशास्त्रात पदवी घेतल्यावर मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला नोकरी देऊ केली होती. अट एकच: डिप्लोमा याच सत्रात पुरा हवा. लेखी परीक्षा मी उत्तम गुणांनी पास झाले होते. (हे मी सहज सांगते आहे.) उरला होता फक्त प्रकल्प. आईने मात्र नोकरी लागलीच असं धरून इमारतभर सांगून टाकलं होतं, त्यामुळे प्रकल्पात नापास झाले असते तर एकटी मी झाले नसते, चारही मजले झाले असते.

आणि अशा वेळी फलकावर सूचना लागली: यंदा प्रकल्पात प्रोग्रॅम करता येणारी कोणतीही चिप चालणार नाही. सही, विभागप्रमुख मॅडम. कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकेकाला विचारलं, "हा दिवा का लागला?" प्रत्येकाने सांगितलं, "कोडमध्ये तसं लिहिलंय." परीक्षकांनी विचारलं, "कोड कोणी लिहिला?" त्यावर अख्खा वर्ग छताच्या पंख्याकडे बघायला लागला म्हणतात.

सूचना वाचून वर्गात घरचं कोणी गेल्यासारखी शांतता पसरली. मला मात्र उकळ्या फुटल्या. यंत्राला आधी सगळं पढवून ठेवायचं आणि मग त्याने ते म्हणून दाखवलं की टाळ्या वाजवायच्या, हा पोपटाचा खेळ मला कधीच पसंत नव्हता. ट्रान्झिस्टरला काही पढवावं लागत नाही. त्याचा तो वागतो. माझ्यासारखाच.

प्रकल्प निवडणं हे एका दुपारचं काम आहे असं मी घरी जाहीर केलं.

पहिली निवड: सुरेल वाजणारी दाराची घंटा. मॅडमनी घंटेची चिप भिंगाखाली धरली.

"यात सूर आहेत?"

"हो, मॅडम. सोळा."

"ते कोणी भरले?"

"कारखान्यात भरून येतात."

"म्हणजे कोणीतरी प्रोग्रॅम केलेलीच आहे ना? तू नाही केलीस, एवढंच. गेल्या वर्षीची मुलंही हेच सांगत होती."

मी दुसरी निवड पुढे केली: अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. मॅडमनी नोंदणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. वर्गात आम्ही एकवीस जण होतो आणि अंधार पडल्यावर लागणारे दिवे आत्ताच चौदा झाले होते.

"आणखी एक आला तर परीक्षक अंधारातच बसून राहतील," मॅडम म्हणाल्या. "घरात डोळे उघडे ठेवून बघ. काहीतरी सापडेल."

घरात डोळे उघडे ठेवले की सल्ले दिसतात, हे मॅडमना माहीत नसावं. वरच्या मजल्यावरचे काका कुठल्याशा मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. इमारतीत त्यांना परिपत्रक काका म्हणतात, कारण त्यांना साधी पाण्याची वेळ विचारली तरी ते "नियमाप्रमाणे" असं म्हणून सुरुवात करतात. बातमी कळताच ते खाली आले.

"नियमाप्रमाणे जिन्यातला दिवा प्रत्येकाने बंद करायचा असतो," ते म्हणाले. "तो चालू ठेवून कोण जातं, हे सांगणारं यंत्र कर. जबाबदारी निश्चित झाली पाहिजे!"

"काका, माणूस ओळखायला चिप लागेल."

"मग नुसता मजला ओळख. माणूस मी ओळखतो."

समोरच्या काकूंची मागणी सौम्य होती. त्यांना चष्मा कुठे ठेवलाय ते सांगणारं काहीतरी हवं होतं. चष्म्यात चिप बसवावी लागेल असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नको गं बाई, आधीच नाकावर वळ उठतात."

इतकं होईपर्यंत आईही बाहेर येऊन चर्चेत पडली. तिचं म्हणणं, मुलीने शोभेलसं काहीतरी करावं, लाल-निळे दिवे लुकलुकणारं. काका म्हणाले, लुकलुकणं म्हणजे विजेचा अपव्यय. काकू म्हणाल्या, तुमचं सगळ्यालाच नाही असतं. काका म्हणाले, मी नियम सांगतो, मत नाही. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून तो आवाज आला, जो ऐकल्यावर कुठल्याही घरातला कुठलाही वाद मिटतो. फस्स.

आम्ही चौघं एकदम धावलो. दूध ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत पोचलं होतं.

"एवढी शहाणीसुरती चार माणसं घरात," काकू हळहळल्या, "आणि सांगायला एक नाही!"

मी हातात फडकं घेऊन उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (अंधार पडल्यावर लागणारा नव्हे.) दूध उतू जाण्याआधी सांगणारं यंत्र. चिप नको, प्रोग्रॅम नको. दूध वर आलं की दोन टोकांना टेकेल, दुधातून जराशी वीज वाहील, दोन ट्रान्झिस्टर ती मोठी करतील आणि बझर वाजेल. ओटा पुसून होईस्तोवर आकृती मनात पूर्ण झाली होती.

मॅडमना कल्पना आवडली. पण त्या मॅडम होत्या.

"दूध काठावर आल्यावर वाजून उपयोग काय? तो इशारा नव्हे, श्रद्धांजली. माणूस बाहेरच्या खोलीतून येऊन शेगडी बंद करील इतका वेळ मिळाला पाहिजे. बझर वाजल्यापासून दूध काठावरून जाईपर्यंत निदान पाच सेकंद. तेवढे मोजून दाखव. पाच भरले तर पास, नाही तर पुढच्या सत्रात ये."

"पाच?" मी हसून म्हटलं. "सहज."

कार्यालयातल्या संगणकावर प्रकल्प नोंदवायचा होता. तिथे एक रकाना होता: प्रोग्रॅमिंगची भाषा. तो रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकेना.

"प्रोग्रॅमच नाहीये हो," मी लिपिकांना म्हणाले. "यंदा बंदी आहे."

"बंदी विभागाने घातली. संगणकाला कोणी कळवलं नाही." त्यांनी यादी खालपर्यंत नेली. "यातलं एक निवडा. 'नाही' असं काही नाहीये. 'इतर' आहे. इतर टाकू?"

मी इतर टाकू दिलं. दुसऱ्याच दिवशी मॅडमनी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात छापील पावती होती. प्रोग्रॅमिंगची भाषा: इतर.

"इतर म्हणजे कुठली?" त्यांनी थंडपणे विचारलं. "वर्गात सगळ्यांत जास्त उड्या तू मारल्यास या नियमावर. आणि आता गुपचूप कुठली भाषा वापरते आहेस?"

मी सगळं टेबलावर सुटं करून दाखवलं. दोन ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, बझर, बॅटरी. मॅडमनी एकेक भाग उलटा करून खालून पाहिला. शेवटी त्यांनी पावतीवर हाताने लिहिलं, "भाषा नाही," आणि सही केली. एका पदवीधर मुलीबद्दल लेखी नोंद झाली की तिला भाषा नाही. पण पुढे जायला मिळालं, म्हणून मी तो अपमान गिळला.

घरी खरा तिढा सुरू झाला. "माझ्या दुधात वायर जाणार नाही," आईने बजावलं. "दुधात जाईल ते घासता आलं पाहिजे."

मग आम्ही स्टीलचे दोन लांब चमचे घेतले. ते लाकडी चिमट्याने भांड्याच्या काठाला अडकवले, टोकं खाली दुधाच्या दिशेने, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. पहिल्याच वेळी दूध तापायच्याही आधी बझर ठणाणा करायला लागला. वाफेचे थेंब चमच्यांमधल्या चिमट्यावर जमून पूल बांधत होते. इथे मात्र मी खूश झाले, कारण हे विज्ञान होतं. वाफेचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, त्यातून वीज फार थोडी जाते. दुधात क्षार असतात, त्यातून कितीतरी जास्त जाते. एक रेझिस्टर वाढवून मी यंत्राचा कान जरा जाड केला. आता ते वाफेकडे दुर्लक्ष करून दुधाचंच ऐकायला लागलं. बझर वाजला तो फेस चमच्याच्या टोकाला लागला तेव्हाच.

राहिलं फक्त सेकंद मोजायचं. बझर वाजल्यावर घड्याळ सुरू, दूध काठावरून गेलं की बंद. यात चूक होण्यासारखं काय आहे?

बझर वाजला. मी घड्याळ दाबलं. दूध फुगत वर चढलं, आणि आईचा हात पुढे होऊन शेगडी बंद झाली.

"आई!"

"अगं, उतू जात होतं!"

"जायलाच हवंय ना!"

"मी मुद्दाम केलं का? हात गेला."

दुसऱ्यांदा तिला मी मागे उभं केलं. ती मागून आली. तिसऱ्यांदा तिला बाहेरच्या खोलीत बसवून मी काकूंना साक्षीदार म्हणून बोलावलं. काकूंनी हात पाठीमागे बांधून शपथ घेतली, आणि वेळ आल्यावर हात तसेच बांधलेले ठेवून दुधावर जोरात फुंकर मारली. फेस खाली बसला.

"हात लावला का मी?" त्यांनी विचारलं.

तेव्हा परिपत्रक काकांनी स्वतःहून नाव दिलं. उभ्या आयुष्यात आपण शेगडीला हात लावलेला नाही, त्यामुळे आपण पूर्ण तटस्थ आहोत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. दूध वर यायला लागलं तसे काका शांत उभे होते, चेहऱ्यावर नियम. आणि मग एवढा मोठा माणूस एकदम ओरडला, "अहो, दूध! दूध!" त्या हाकेसरशी बाहेरच्या खोलीतून आई कशी आली आणि शेगडी केव्हा बंद झाली, हे मला दिसलंसुद्धा नाही.

"दुधाऐवजी साबणाचं पाणी घे," काका ओशाळून म्हणाले. "फेस तो फेस."

साबणाचं पाणी घेतलं. ते उकळलं, फुगलं, काठावरून गेलं, ओट्यावर पसरलं, शेगडी विझली. आम्ही चौघं हाताची घडी घालून निवांत बघत राहिलो. कोणाचंही बोट हललं नाही. पण साबणाची वीज वेगळी, फेसाचा वेग वेगळा. साबणाचे सेकंद दुधाच्या नावावर खपवणं माझ्या शास्त्रात बसत नव्हतं.

शेवटी मी सगळ्यांना काकूंच्या घरी पाठवलं, दाराला कडी लावली आणि एकटी भांड्यासमोर उभी राहिले. एका हातात घड्याळ. दुसरा हात रिकामा. मी विज्ञानाची पदवीधर आहे. भावना आणि मोजमाप यांतला फरक मला कळतो. बझर वाजला, फेस चढला, पांढरा घुमट काठाच्या वर आला, थरथरला. आणि मला शेगडीची कळ फिरल्याचा आवाज आला. ती माझ्याच हाताने फिरवली होती.

समोरून काकू ओरडल्या, "झालं का गं?"

"जवळजवळ," मी म्हणाले.

लहानपणापासून स्वयंपाकघरातून जाताना प्रत्येक वेळी "दुधाकडे बघ गं" हे ऐकलेलं असतं. मी असं समजून होते की मला कोणी काही पढवलेलं नाही. असो. परीक्षा आली तेव्हा माझ्याकडे चालणारं यंत्र होतं, व्यवस्थित आकृती होती, आणि अहवालात ज्या जागी सेकंदांचा आकडा हवा तिथे एक सुबक रिकामी जागा होती. पण मी खचले नव्हते. परीक्षक परके असतात, दूध विभागाचं असतं. तिथे कोणाचा जीव अडकणार होता?

विभागाचं दूध मिळवणं हीदेखील एक परीक्षाच होती. भांडारपालांनी मागणीपत्र वाचून मान वर केली. "दूध. परत जमा करणार का, ताई?"

"परत कसं करणार?"

"मग ही वापरून संपणारी वस्तू. त्या यादीत दूध नाही. डिंक आहे."

अखेर मॅडमच्या सहीने दूध आलं. विजेची शेगडी रसायनशास्त्र विभागाने उसनी दिली, पण त्यांच्या शेगडीवर खाण्यापिण्याचे पदार्थ तापवायला मनाई होती, म्हणून मागणीपत्रावर "पांढरा द्रव" लिहिलं. शेगडी सुखरूप परत जाईल याची हमी भांडारपालांवर होती, म्हणून तेही शेगडीसोबत प्रयोगशाळेत आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

परीक्षक उंच, कोरडे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते. चौदा दिव्यांसाठी चौदा वेळा पडदे ओढून झाले होते, त्यामुळे ते वैतागले होते. त्यांनी यंत्र पाहिलं.

"बझर का वाजतो?"

मी सांगितलं. वीज कुठून निघते, दुधातून कशी जाते, पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये काय होतं, दुसऱ्यात काय, वाफेला यंत्र का भुलत नाही. ते थांबवेनात, म्हणून मी क्षारांपर्यंत गेले. त्यांची भुवई किंचित वर गेली. मॅडम खिडकीकडे बघून हसल्या.

"ठीक," परीक्षक म्हणाले. "आता पाच सेकंद दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

दूध तापलं. बझर वाजला. मी घड्याळ दाबलं. फेस चढला. आणि विभागप्रमुख मॅडम, ज्यांनी स्वतः ही अट घातली होती, त्यांनी माझ्या अहवालाच्या पुठ्ठ्याने भांडं धरून अलगद खाली उतरवलं.

"मॅडम," मी म्हणाले.

मॅडम हातातल्या भांड्याकडे बघत राहिल्या. "सवय," त्या पुटपुटल्या.

"हे बरोबर नाही," परीक्षक कडक आवाजात म्हणाले. "प्रयोगात हस्तक्षेप करायचा नसतो. सगळ्यांनी मागे व्हा. दुसरी चाचणी."

सगळे मागे झाले. परीक्षक एकटे पुढे राहिले, हात खिशात. बझर वाजला. फेस काठाशी आला, आणि या कोरड्या गृहस्थांच्या घशातून "अरे अरे अरे" असा एक बारीक आवाज निघाला. खिशातून हातरुमाल बाहेर आला आणि भांडं त्यांच्या हातात होतं. हाताला चटका बसला होता, पण त्यांनी भांडं सोडलं नाही.

त्यांनी भांडं जपून टेबलावर ठेवलं.

"घरी," परीक्षक अखेर म्हणाले, "दूध माझ्याकडे असतं."

"दूध आटत चाललंय, आता एकदाच काठापर्यंत चढेल," मी म्हणाले. आवाज थोडा बारीक झाला असावा, कारण मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नोकरीचं पत्र त्यांनीच फलकावर लावलं होतं.

"बाहेर जाऊन उभे राहू या का?" मॅडमनी विचारलं. "हिला एकटीला करू दे."

"मी एकटी असले तर मीच बंद करते," मी म्हणाले. खोटं बोलून आकडा आणता आला असता, पण आकडा हवा होता तो खरा.

"आणि शेगडीवर सांडलं तर सही माझी आहे," भांडारपाल म्हणाले. "मी तर उचलणारच. आधीच सांगून ठेवतो."

परीक्षक विचारात पडले. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि परीक्षकाला शोभेल अशा आवाजात निर्णय दिला. "एकमेकांचे हात धरा."

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"प्रत्येकाने शेजारच्याचा हात. घट्ट. दुसरा मार्ग नाही. आणि फुंकर मारायची नाही, तोंडं मिटलेली."

अशा रीतीने एका दुधाच्या भांड्याभोवती आम्ही चौघं उभे राहिलो. परीक्षकांनी भांडारपालांचं मनगट धरलं, भांडारपालांनी मॅडमचं धरावं की नाही याचा विचार केला आणि मग नुसती बाही धरली, मॅडमनी माझा डावा हात धरला. माझ्या उजव्या हातात घड्याळ होतं, म्हणून परीक्षकांनी माझा उजवा दंड वरून पकडला. दाराच्या काचेतून चौदा दिवेवाले आत बघत होते. एखाद्या पदवीधर मुलीचं परीक्षेतलं हे चित्र मी कधी कल्पिलं नव्हतं, पण आता मानापमान बघण्याची वेळ नव्हती.

बझर वाजला. मी घड्याळ दाबलं.

फेस चढायला लागला. भांडारपाल एक पाऊल पुढे ओढले गेले, परीक्षकांनी त्यांना मागे खेचलं. खेचताना स्वतः परीक्षकच पुढे आले, तसं त्यांना माझ्या दंडाने रोखलं. घुमट काठाच्या वर आला. मॅडमनी डोळे मिटले आणि माझी बोटं इतकी दाबली की अंगठी रुतली. परीक्षकांच्या मिटलेल्या तोंडातून "म्म्म" असा आवाज येत होता. माझा डावा हात शेगडीकडे निघाला, मॅडमच्या हाताला हिसका बसला, आणि त्यांनी डोळे न उघडताच तो परत ओढला.

दूध काठावरून गेलं. शेगडीवर चर्रर झालं. मी घड्याळ बंद केलं.

हात सोडायचं बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. परीक्षकांनी तेवढं भांडारपालांचं मनगट सोडून खिशातून पेन काढलं, माझ्या मनगटावर वाकून घड्याळ वाचलं, आणि अहवालातल्या रिकाम्या जागेत लिहिलं:

इशाऱ्यापासून उतू जाईपर्यंतचा वेळ, सहा पूर्णांक दोन सेकंद.